साखळी माझ्या खांद्यावर होती

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "फ्रॅक्चर नेक ऑफ फीमर." मग माझ्याकडे पाहून मराठीत आले. "आजी, मांडीचं हाड खुब्यात बसतं ना, तिथली त्याची मान मोडली."

"मान मोडून मी जिवंत आहे म्हणजे कमालच," मी म्हणाले. ते हसले नाहीत. सकाळपासून बरेच खुबे पाहिले असावेत.

माझं लक्ष त्या फोटोत नव्हतंच. तर्री कुठं आहे, एवढंच कोणीतरी सांगावं असं वाटत होतं. तर्री म्हणजे माझा कुत्रा. गावठी. पोह्यांवरच्या तर्रीसारखा लालसर, आणि स्वभावानं तेवढाच तिखट. मुलगा मिलिंद पुण्याला. आमचे हे जाऊन काही वर्षं झाली. जरीपटका वस्तीतल्या घरात दिवसभर बोलायला मला तो एकटाच. उत्तर देत नाही, पण ऐकून घेतो. माणसांकडून मला तेवढंही मिळत नाही.

माझ्या वयाची जी माणसं सकाळी कुत्रा घेऊन बाहेर पडतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तेव्हा पडले कशी, ते आधी सांगते.

आमची गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला मिळते, तिथं सकाळी एक पांढरी गाय उभी असते. पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची, हे आमच्याकडे सासूबाईंपासून चालत आलेलं. गाईला पोळी द्यायची ती दोन्ही हातांनी. एका हातानं दिली तर तो गोग्रास नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आता एका हातात साखळी धरली तर दुसरा हात कुठून आणायचा? म्हणून मी रोज तेवढ्यापुरती तर्रीच्या पट्ट्यातून साखळी काढायची, खांद्यावर टाकायची, आणि दोन्ही हातांनी पोळी पुढं करायची. तर्री पायाशी बसून राहायचा. रोज बसतो म्हणजे आजही बसेल, असं मी धरून चालले होते.

त्या सकाळी पलीकडच्या भिंतीवरून मांजर उतरलं. तर्री सुटला. समोरून मोपेडवर एक मुलगी येत होती, तिनं त्याला वाचवायला गाडी वळवली आणि ती आडवी झाली. मी "तर्री" म्हणून धावले आणि मीही आडवी झाले. मांजराला काही झालं नाही.

तरुणपणी मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची, हे इथं सांगायलाच हवं. कडक इस्त्रीची साडी आणि घट्ट वेणी; इतकी घट्ट, की डोक्यात रक्त पोचत नसावं. शेजाऱ्यांचा कुत्रा सुटा दिसला की ही बाई त्यांच्या दारात जाऊन 'रस्ता सर्वांचा आहे' यावर भाषण देऊन यायची. त्या दिवशी ती तिथं असती, तर रस्त्यात पडलेल्या म्हातारीला आधी कर्तव्यं म्हणायला लावली असती. अँब्युलन्स नंतर.

दवाखान्यात आमच्या कागदावर 'एमएलसी' असा शिक्का पडला. मेडिको-लीगल केस. अपघात असला की दवाखाना पोलिसांना कळवतो, घाबरायचं कारण नाही. पोलीस यायच्या आधी मिलिंदचा फोन आला. "आई, साखळी तुटली म्हणून सांग. विषय संपेल."

हवालदार आले ते माझ्याच वयाला शोभतील असे दमलेले होते.

"आजी, कुत्रा तुमचाच का जी?"

"माझाच."

"साखळी होती ना पण?"

"होती. माझ्या खांद्यावर होती."

त्यांनी लिहायचं थांबवलं. "असं नका सांगू आजी. मले लिहा लागते."

"मग लिहा ना."

त्यांनी सांगितलं, "जनावर पाळलं तर त्याच्यापासून दुसऱ्याले इजा होऊ नये हे पाहणं मालकाचं काम आहे. हयगय केली तर गुन्हा. दंड होते, कैद बी होऊ शकते." रेबीजची लस दिली का, महापालिकेत नोंद आहे का, तेही विचारलं. ते सगळं होतं. साखळीसुद्धा चांगली होती. नुसती कुत्र्याला लावलेली नव्हती.

ऑपरेशन झालं. हेमिआर्थ्रोप्लास्टी, म्हणजे खुब्याचा मोडलेला गोळा काढून धातूचा बसवतात. अर्धा सांधा नवा, अर्धा जुना. कमरेत इंजेक्शन देतात, आपण जाग्या असतो. हातोड्याचे आवाज येतात. आपल्याच घरात सुतार आलाय आणि आपल्याला उठून बघता येत नाही, तसं वाटतं. हाडांची घनता मोजायची डेक्सा नावाची तपासणीही झाली आणि ऑस्टिओपोरोसिस निघाला. हाडं ठिसूळ झालीत, असा त्याचा अर्थ. पडायच्या आधी ही तपासणी करून घ्या, बायांनो.

वॉर्डात दिवस कसाही जातो. रक्तदाब, गोळ्या, फिजिओथेरपीची बाई. भेटायची वेळ झाली की मात्र दारातून माणसंच माणसं येतात, डबे उघडतात, आणि आपण भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतो. मिलिंद ऑपरेशनला आला होता, पण तोही खालीवर धावण्यात. घरातल्या रिकाम्या खोल्यांची मला सवय आहे. भरलेल्या खोलीतलं एकटेपण मला नवीन होतं. झोपेत हात खाटेखाली जायचा, तर्रीचं डोकं शोधायला. हाताला स्टीलचं भांडं लागायचं.

शेजारच्या खाटेवर तीच मोपेडवाली. ज्योत्स्ना. उमरेडची, सदरमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला. मनगटाला कोलिस फ्रॅक्चर, म्हणजे हात टेकून पडलं की मनगटाजवळ मोडतं ते हाड. तिनं सुरुवातीला माझ्याकडे पाहिलंही नाही. मी माफी मागितली तर म्हणाली, "माफीनं वेणी घालता येते का, आजी? माही आई घालून देते सध्या." तिच्या उपचाराचा भार मी उचलला. तो उपकार नव्हता, ते माझंच काम होतं.

घरी सोडायच्या आधी डॉक्टर आले. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उंच खुर्ची वापरायची. "आणि कुत्र्याची साखळी हातात धरायची नाही. तो ओढेल, तुम्ही पडाल. वॉकरला तर मुळीच बांधायची नाही."

म्हणजे धरली तर मी मोडणार, सोडली तर दुसरं कोणी. मिलिंदनं लगेच सांगून टाकलं, "मी बोललोय आई. उमरेडकडे एकांचं शेत आहे. कुत्रा तिकडे राहील."

मी भिंतीकडे तोंड केलं. म्हाताऱ्या बाईनं कुत्र्यासाठी वॉर्डात रडणं बरं दिसत नाही.

शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "कुत्र्याले काहून हाकलता, दादा? साखळी त्यानं काढली का? आजीले धाडा उमरेडले."

मिलिंद हसला. मीही. ज्योत्स्ना अजिबात हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "ठेवा त्याले. पण पुन्हा रस्त्यावर सुटा दिसला ना, तर मीच पोलिसात जाईन. सांगून ठेवते."

"जा वं," मी म्हणाले. "मीच सांगते तुले."

पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला. जन्मभर कर्तव्यं शिकवलेली बाई वॉकर घेऊन आरोपी म्हणून उभी होती. घट्ट वेणीवाली पाहती, तर तिथंच चक्कर येऊन पडती.

मी दवाखान्यात असताना तर्रीला शेजारच्या लाजवंती भाभींनी सांभाळलं होतं. त्या सिंधी, कुत्र्यांना घाबरणाऱ्या. तो आमच्या फाटकाशीच बसून राहायचा, त्या लांबून भाकरी सरकवायच्या. सरकवता सरकवता अंतर कमी झालं. त्या म्हणाल्या, "बहनजी, मैं तो सुबह घूमने जाती ही हूं. दे दो मेरे हाथ में." मी साखळी त्यांच्या हातात दिली आणि रस्त्यावर एकदाही काढायची नाही, अशी त्यांच्याकडून शपथ घेतली.

आता सकाळी मी वॉकर धरून फाटकापर्यंत जाते. भाभी आणि तर्री निघतात. पहिल्या दिवशी तो वळून वळून पाहत होता. आता पाहत नाही. हे बरं आहे, असं मी स्वतःला सांगते.

पांढरी गाय हल्ली फाटकाशी येते. वॉकर सुटत नाही, म्हणून पोळी एकाच हातानं द्यावी लागते. पहिल्यांदा दिली तेव्हा सासूबाईंची मनातल्या मनात क्षमा मागितली. गाईनं पोळी खाल्ली आणि निघून गेली. एक हात की दोन, तिनं पाहिलंसुद्धा नाही. एवढ्यासाठी माझा खुबा गेला आणि एका पोरीचं मनगट.

मग मी तिथंच उभी राहते. घरात मी कोणाची वाट पाहत नसे, कोणी येणारच नसायचं. आता गल्लीच्या टोकाकडे पाहत असते. थोड्या वेळानं साखळीचा आवाज आधी येतो, मग तर्री.