करडीत न सापडलेला जन्म

माझी आई बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नसे. शेजारी बारसं असलं की ती सकाळपासून त्यांच्या स्वयंपाकघरात कांदे चिरायला बसे आणि पाळण्याची गाणी संपेपर्यंत बाहेर येत नसे. माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं खरं, पण तेल-पाणी सगळं शेजारच्या काकूंनी केलं. आई दाराबाहेरून काढ्याची वाटी आत सरकवायची आणि निघून जायची. पहिलटकरीण असल्याने मी घाबरलेली होते, आईचा हात हवा होता, आणि तो मिळाला नाही याचा मला बरीच वर्षं राग होता.

कारण सगळ्यांना पाठ होतं. आई जन्मली आणि तिची आई गेली. करडीत, म्हणजे आईच्या बापाच्या गावी, पाहुण्यांना तिची ओळखच तशी करून द्यायचे: ही ती, जन्मताच आईला खाल्लेली. तिच्या आजीने, म्हणजे बापाच्या आईने, हे पहिल्यांदा म्हटलं आणि पुढे चुलतीने चालवलं. पांढऱ्या पायाची, असंही म्हणायचे. त्यात फार दुष्टावा असायचा असंही नाही. एखाद्याला तिरळा म्हणावं तसं म्हणायचे आणि पुढच्या बोलण्याला लागायचे. आईनेही ते तसंच घेतलं होतं. तिने कधी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडे भंडाऱ्याला असते. आता ऐंशी पार आहे. माझी पोरगी सातव्या महिन्यात सासरहून, गोंदिया जिल्ह्यातून, आमच्याकडे आली तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता आजी-नातीची गट्टी जमेल. झालं उलटंच. डोहाळजेवणाच्या दिवशी आई मागच्या अंगणात जाऊन बसली. पोरगी तिच्यामागे गेली आणि तिचा हात धरून म्हणाली, "आजी, चल ना. मला काही होत नाही."

आई म्हणाली, "तुह्या पणजीलेही असंच वाटलं असन."

हे मी दारातून ऐकलं. पोरगी रडत आत आली आणि माझं डोकं फिरलं. आईवर नाही, करडीवर. एखाद्या बाईला ऐंशी वर्षं एकच गोष्ट ऐकवायची, आणि तीही तपासून न पाहता, हे मला सहन होईना. मी पोस्टात नोकरी केली आहे. पावतीशिवाय मी कुणाचं म्हणणं खरं धरत नाही, आणि इथे तर पावती मागायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मी ठरवलं, आजी कशाने मेली ते लिहिलेलं कुठेतरी असणार. ते आणायचं आणि आईपुढे ठेवायचं. बाई मरते ती तापाने, रक्त गेल्याने, दाई वेळेवर न आल्याने. कारण वाचून दाखवलं की आईला पटेल, असा माझा साधा हिशोब होता. बारशाच्या दिवशी पाळण्यात बाळ घालायला घरातली सगळ्यात मोठी बाई हवी, आणि ती आईच असली पाहिजे, एवढी माझी जिद्द होती.

आमच्याकडे इंग्रजांच्या काळापासून गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते गावचा कोतवाल कळवायचा आणि ते वहीत चढायचं. त्या वहीला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या आता तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत. पोरांच्या जात पडताळणीला, म्हणजे व्हॅलिडिटीला, पणजोबाची नोंद लागते, त्यामुळे एरवी ज्या वह्यांना उधईनेच, म्हणजे वाळवीनेच, काय ती किंमत दिली असती, त्यांच्यासाठी आज रांगा लागतात. करडी मोहाडी तालुक्यात. मी मोहाडीला गेले आणि रांगेत उभी राहिले. पुढे-मागे सगळे बारावीचे निकाल हातात घेतलेले.

खिडकीतल्या बाबूने विचारलं, "व्हॅलिडिटी कोणाची, काकू?"

"कोणाची नाही. आईसाठी पाहिजे."

"आईची व्हॅलिडिटी? या वयात?"

"व्हॅलिडिटी नाही म्हटलं ना. तिच्यावर एक आरोप आहे. जुना."

त्याने चष्मा वर केला. "कोर्टाचं प्रकरण असन तर वकिलाले घेऊन या."

मागचा एक बाप हसला. मीही हसले, पण खिडकी सोडली नाही. 'उद्या या' म्हणण्याची कला मी खिडकीच्या आत बसून शिकलेली आहे, त्यामुळे बाहेरून ती माझ्यावर चालत नाही. अर्ज केला, तिकीट लावलं, आणि बोलावलं त्या दिवशी जाऊन बसले. नाही मिळालं की परत अर्ज. वर्ष नक्की माहीत नव्हतं, त्यामुळे दर वेळी एक-एक वही मागवावी लागायची. बाबू शेवटी कंटाळून म्हणाला, "बसा इथंच अन तुम्हीच पाहा. पानं जपून पलटवा फक्त."

मृत्यूची नोंद सापडली. दिवाळीनंतरची होती. आईच्या बापाचं नाव, त्याच्या पुढे 'याची बायको', वय वीस, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द: ताप. तिचं स्वतःचं नाव नव्हतंच. बायकांचं तसंच लिहायचे, हे मला तोवर कळलं होतं, तरी आपल्याच आजीचं 'याची बायको' मी दोनदा वाचलं. मग मी त्याच महिन्यातले करडीचे जन्म पाहिले. आईचा नव्हता. म्हटलं, कोतवाल उशिरा गेला असेल. पुढचा महिना पाहिला, मागचे महिने पाहिले, मग आधीचं वर्ष, नंतरचं वर्ष. साऱ्या करडीच्या पोरांचे जन्म होते. शेजारच्या घरातली जुळीसुद्धा होती. माझी आई नव्हती.

"नोंद नाही म्हणजे जन्म नाही," बाबू म्हणाला. त्याने ते सवयीने म्हटलं.

"ती माझ्या घरी बसून लसूण सोलून राहिली," मी म्हटलं आणि वही बंद केली.

घरी आल्यावर मी आईला तापाचं तेवढं सांगितलं. तुझ्यामुळे नाही गेली, तापाने गेली, सरकारी वहीत लिहून आहे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाळंतपणाचाच ताप असन." आणि थोड्या वेळाने विचारलं, "अन माह्यं सापडलं?"

"नाही अजून."

"नसन लिवलं. अशा पोरीचं कोण लिवते?"

आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. आतापर्यंत तिच्या डोक्यावर आईचा मृत्यू होता, आता मी तिला हेही आणून दिलं की तिचा जन्म कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. पोरगी मला म्हणाली, "सोड आता, आई. तू तिला जास्त त्रास देऊन राहिली." खरं होतं ते. पण अर्ध्यावर सोडलं असतं तर आई तशीच राहिली असती, पूर्वीपेक्षाही एक पायरी खाली. म्हणून मी मोहाडीला पुन्हा गेले, आणि परत गेले. शेजारच्या गावांच्या वह्याही काढायला लावल्या, चुकून तिकडे चढली असेल म्हणून. बाबू माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवू लागला.

तोवर पोरगी बाळंत झाली. मुलगी. भंडाऱ्यातल्याच दवाखान्यात. घरी आणल्यावर आई खोलीच्या दारापासून हातभर लांब उभी राहिली आणि "बरी आहे ना?" एवढं विचारून परत फिरली. बाळ रडलं की तिचे हात मात्र थांबायचे. निवडत असेल ते तांदूळ तसेच सुपात राहायचे आणि आवाज बंद झाला की परत निवडायला लागायची. सव्वा महिना झाला की बारसं करून पोरीला सासरी पाठवायचं ठरलं होतं. माझ्याकडे तेवढाच अवधी होता.

जावई बाळाला भेटायला आले तेव्हा नगर परिषदेतून जन्माचा दाखला घेऊन आले. त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि थट्टेने म्हणाले, "पोरगी आमची, राहणार आमच्याकडे, अन दाखला तुमच्या भंडाऱ्याचा. आता हिले जन्मभर कागद काढायले इथंच यावं लागन."

मी म्हटलं, "पहिलं बाळंतपण माहेरचंच असते, जावईबापू." आणि म्हणता म्हणता दाखल्यावरचं गाव परत वाचलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोरगी माझ्याच घरात माहेरपणाला आलेली, मी स्वतः माहेरी बाळंत झालेली, आणि आजीचं पहिलं बाळंतपण मी महिनोन्महिने तिच्या सासरच्या वहीत शोधत बसले होते. करडीला आईचा जन्म झालाच नव्हता. होणारच नव्हता. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या पहिल्या लेकराचा जन्म बापाच्या गावी झाला नसेल, आणि हे मला जावयाच्या थट्टेने सांगावं लागलं. मी स्वतःला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

आजीचं माहेर नाकाडोंगरी, म्हणजे तुमसर तालुका. ती गेल्यावर तिकडचं येणं-जाणं तुटलं होतं, त्यामुळे आमच्या घरात त्या गावाचा विषयच निघायचा नाही. मी कचेरी उघडण्याच्या आधी तुमसरला पोचले. तिथल्या वह्यांच्या कडा उधईने खाल्लेल्या होत्या. पान हातात घेतलं की भुसा पडायचा, आणि प्रत्येक पानाला मी मनात म्हणायचे, एवढं राहू दे. ते पान राहिलं होतं. धानाच्या रोवणीच्या, भर पावसाळ्याच्या दिवसांतली नोंद. नावाच्या जागी 'मुलगी', त्यापुढे आईच्या बापाचं नाव, आणि स्पष्ट अक्षरात, राहणार करडी.

साल पाहिलं. पुन्हा पाहिलं. मृत्यूच्या आदल्या वर्षीचं होतं. एका वर्षीची रोवणी, त्या वर्षीची कापणी, मग पुढच्या वर्षीची रोवणी आणि त्यानंतरची दिवाळी. मी बोटांवर मोजलं. आई वर्षाच्या वर झाल्यावर तिची आई गेली होती.

मी तिथे बाकावर बसून रडले. मग राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. नाकाडोंगरीच्या रानातला ताप त्या काळी माणसं नेत असे. बाळाला घेऊन आजी सासरी आली ती तो ताप घेऊनच आली असावी आणि थोड्याच दिवसांत गेली असावी. हे माझं जुळवणं आहे, वहीत एवढं नाही. ती माहेरी इतके दिवस का राहिली, हेही मला माहीत नाही. गावाने पोरीला पहिल्यांदा पाहिलं ते आजी गेली त्याच आठवड्यात, असं धरलं तर गाव चुकलं असेल. पण आईच्या आजीला तरी नात केवढी आहे ते दिसत होतं ना. तिने पोरीला कडेवर घेतलं असेल, तिचे दात पाहिले असतील. तरी तिने तसं म्हटलं आणि चालू दिलं. तिला माफ करण्याइतका मोठेपणा माझ्याकडे नाही.

नक्कल मिळायला वेळ लागणार होता. मी थांबले नाही. नोंद माझ्या हाताने उतरवून घेतली, करडीची आधीच उतरवलेली होती, आणि दुपारच्या एसटीने घरी आले. आई अंगणात बसली होती. मी चपला न काढता तिच्यापुढे बसले आणि वाचून दाखवलं, आधी नाकाडोंगरीचं, मग करडीचं.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"मंग ती गेली तवा मी केवढी होती?"

"वर्षाच्या वर. सव्वा वर्षाची धर. चालत असशील."

मला वाटलं, आता ती रडेल किंवा करडीच्या आपल्या आजीला शिव्या देईल. मी तर त्यासाठी तयारच होते. तिने सुटल्याचा श्वासही सोडला नाही. आरोपाचं तिने विचारलंच नाही. जमिनीकडे पाहत म्हणाली, "एवढं लेकरू बोलते का वं?"

"बोलते. एखाद-दुसरा शब्द."

"कोणता?"

मला कळलं ती काय विचारते आहे.

"माय म्हणते," तिने स्वतःच सांगितलं. "मंग मीनं तिले हाक मारली असन. अन तिनं ओ देल्ली असन."

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरात गेली. मी अंगणातच बसून राहिले. पोरीने मला नंतर सांगितलं, आजी खोलीत आली, बाळाला मांडीवर घेतलं, आणि महिनाभराच्या त्या पोरीला कितीतरी वेळ एकच शिकवत राहिली: माय म्हण, माय.