आप्पांचे दोन जोड

दौंडच्या कॉलेजात राजवायू शिकवायची वेळ आली, की मी खणातून स्टीलच्या दोन पट्ट्या काढते. त्या हातात घेतल्या, की बोटांना तोच जुना लोखंडी वास लागतो आणि मी शिरूरच्या शाळेत, नववीच्या वर्गात जाऊन बसते.

सरांनी शिकवलं होतं, की सोडियम पाण्यात टाकलं तरी पेटतं, म्हणून ते रॉकेलमध्ये ठेवतात; हेलियम, आर्गनसारखे राजवायू मात्र कशाशीच संयोग करत नाहीत, म्हणजे बिनकामाचे. मी उठून म्हणाले, "सर, आमच्या आप्पांना रोज आर्गन लागतो." माझे वडील, आप्पा, रांजणगावच्या एका कंपनीत वेल्डर होते. सर म्हणाले, "मग त्यांनाच घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी ठिणग्यांनी भोकं पडलेल्या युनिफॉर्ममध्ये आप्पा फळ्यापाशी उभे राहिले. पोरं हसतील अशी मला भीती वाटत होती. आज त्या भीतीचंच हसू येतं. त्यांनी दोन पट्ट्या वर धरल्या. एकीचा जोड काळा, भोकाभोकांचा, दुसरीचा चांदीसारखा.

"ह्यो काळा जोड आर्गनचा गॅस बंद ठिवून मारलाय. तापल्या स्टीलला हवेतला ऑक्सिजन लगीच झोंबतो. आर्गन कुणालाच धरत न्हाई, म्हणून तर त्येला राखणीला उभा करायचा. त्येचं कामच त्ये हाय."

सरांनी दोन्ही जोडांवरून अंगठा फिरवला आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "काल माझं चुकलं. हे लिहून घ्या."

पन्नास माना वह्यांवर वाकल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "काका, जरा सावकाश सांगा ना."

आणि माझ्या चौथी शिकलेल्या आप्पांनी घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करत, सांगायला सुरुवात केली.