बेबीताईंचं राजापूरचं घर

बेबीताईंचं राजापूरचं घर आमच्या फणसवाडीतल्या चाळीत सगळ्यांना पाठ होतं. अर्जुना नदीच्या काठी, जुन्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या पणजोबांचा माल गलबतातून उतरला की थेट ओटीवर यायचा म्हणे. पुढे नदीत गाळ साचला, बंदर बसलं, पण घर उभं आहे, हे त्या नळावर सांगत, जिन्यात सांगत, भाजी निवडताना सांगत. मी चाळीस वर्षं त्यांची भिंतीला भिंत शेजारीण. न जाताच ते घर मी पाहून आले होते.

ताई ठाकूरद्वारच्या एका शाळेत क्लार्क होत्या. लग्न केलं नाही, म्हणजे कुणी करू दिलं नाही. धाकटा भाऊ रमाकांत शिकायला आला तो त्यांच्याच खोलीत. त्याचे डबे, आजारपणं, पुढे त्याचं लग्न, सगळं ताईंनी निस्तरलं. मग तो दादरला फ्लॅटमध्ये गेला. त्याचा मुलगा शंतनु, तोही दहावीचं वर्ष ताईंकडेच. हक्काची जागा होती ना.

वडील गेल्यावर एका भाऊबीजेला रमाकांत पैठणी आणि हक्कसोडपत्र दोन्ही एकदम घेऊन आला. राजापूरचं घर एकट्याच्या नावावर असलं की सोयीचं, असं त्याचं म्हणणं. मी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं, निदान एक खोली तरी लिहून घ्या. त्यांनी मलाच वेड्यात काढलं.

“भावाकडून लिहून घेऊ? मग त्या घरी कुठल्या तोंडाने जाऊ?”

आमच्याकडच्या बायका हेच करत आल्या. वाटा सोडायचा आणि त्या बदल्यात दार उघडं राहील असं धरून चालायचं. मीही माझ्या भावांना सही देऊन मोकळी झालेच होते, पण दुसऱ्याला अक्कल शिकवायला काय जातं?

गेल्या वर्षी आमची चाळ पाडायचं ठरलं. नवी इमारत होईल तेव्हा होईल, तोवर राहायला बिल्डर वरळीला खोल्या देणार होता. त्यासाठी फॉर्म भरून घेतले. ताईंनी फॉर्मवर लिहिलं, ‘खोली नको, स्वतःचं घर आहे’, आणि खाली राजापूरचा पत्ता. खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला.

सामान बांधून झालं तेव्हा त्यांनी शंतनुला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू होता, मी समोरच बसले होते.

“अगं आत्या, आधी कळवायचंस ना,” शंतनु म्हणाला. “घर आता आपण टुरिस्टना देतो. मेपर्यंत फुल बुकिंग आहे. तू एक काम कर, पावसाळ्यात ये. तेव्हा रिकामंच असतं.”

रिकामं असणारच. पावसाळ्यात नदीचं पाणी त्या घरात कमरेपर्यंत चढतं. ताई म्हणाल्या, बाबांना फोन दे. बाबा झोपलेत, म्हणाला. सकाळचे अकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुलीने फॉर्म काढून दाखवला, सही तुमचीच ना, म्हणून विचारलं. खोल्या वाटून झाल्या होत्या. ताईंनी तिच्याशी वाद घातला नाही, उलट तिला त्रास दिल्याबद्दल सॉरी म्हणाल्या. मला इतका राग आला की येताना मी त्यांच्याशी बोलले नाही.

चाळ सोडायच्या दिवशी ताई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काही मागितलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. वरळीची आमची खोली एवढीशी, आम्ही पाच माणसं, सुनेला सातवा महिना. ही सगळी कारणं मी मनातल्या मनात भराभर मांडली, आणि ती खरीही होती. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो प्यायला, कप विसळून पालथा ठेवला आणि विरारला कुणा चुलतबहिणीकडे निघून गेल्या.

शंतनुचं नाव काढलं तरी आजही माझं डोकं फिरतं. पण त्याने निदान पावसाळ्यात ये असं तरी म्हटलं. मी तेवढंही म्हटलं नाही.