दक्षिणेकडचा दिवा

सलग दोन वर्षं मी रोज पहाटे, अनवाणी आणि मौन पाळून, प्रदक्षिणा घातल्या आहेत. त्या सोलापुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर, एका निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाला घातल्या. अनवाणी अशासाठी, की चपलेला लागलेली पूड घरभर होते. मौन अशासाठी, की ही झोपलेली असते.

दुर्बिणीचा आरसा हाताने घासायचा तर पिंपावर एक जाड काच पक्की बसवतात, तिच्यावर दुसरी काच ठेवतात, मध्ये ओली खरखरीत पूड घालतात आणि वरची काच पुढे-मागे ढकलत पिंपाभोवती फिरत राहतात. मग ती सगळीकडून सारखी झिजते. पिंप हलू नये म्हणून मी ते वाळूने भरलं होतं. शेजारच्या तेलुगू आजींनी एका मंगळवारी त्याला हळदकुंकू वाहिलं. मी ते पुसलं नाही. देवळात कधी न जाणाऱ्या माणसाची गल्लीत तेवढीच इभ्रत होती.

घरात मात्र ती नव्हती. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे दोनशे लिटरच्या पिंपात वाळू भरणाऱ्या नवऱ्याबद्दल बायकोचं जे मत होतं, ते मला अन्यायाचं वाटत नाही. "अहो, लोक पिंपात पाणी भरतात," ही एवढंच म्हणायची. दोन वर्षं म्हणाली.

आरसा झाला, पण तारा काही नीट दिसेना. गच्चीवरून पाहिलं तर भिजवलेल्या पोह्यासारखा फुगलेला दिसायचा. मी सोलापूरच्या तापलेल्या हवेला दोष द्यायचो, ही आरशाला. मनातून मलाही हिचंच खरं वाटायचं. निवृत्तीनंतरची दोन वर्षं आपण एक काच बिघडवण्यात घालवली, ही शंका झोप उडवायला पुरेशी असते. म्हणून मे महिन्यात सह्याद्रीतल्या एका पठारावर हौशी आकाशनिरीक्षकांचं शिबिर आहे असं कळल्यावर मी नाव नोंदवलं. थंड, स्वच्छ हवेतही पोहेच दिसले, तर दुर्बीण भंगारात द्यायची, असं हिच्यासमोर कबूल केलं. शिबिर अमावास्येला होतं. सोलापूरच्या उन्हातून दोन दिवस सुटका म्हणून हीसुद्धा आली.

पहिली रात्र ढगांत गेली. दुसऱ्या संध्याकाळी आभाळ निवळलं, आणि उद्घाटन झालं. शिबिरात पांढऱ्या उजेडाला बंदी असल्यामुळे समईला लाल जिलेटीनचा कागद गुंडाळला होता. तो दीपप्रज्वलन होताच पेटला. शिबिरप्रमुखांनी 'विश्वाची अथांगता' या विषयावर भाषण केलं, आणि तेही विषयाइतकंच लांबवलं. मला घाई होती. नरतुरंग या तारकासमूहात एक मोठा तारकागुच्छ आहे. तो आपल्याकडून दक्षिणेला, क्षितिजापासून फार वर न येता, तास-दोन तास बरा दिसतो. आरसा खरा की खोटा, ते त्याच्यावर लगेच कळतं: तारे सुटे दिसतात किंवा लगदा दिसतो.

भाषण संपलं आणि दक्षिणेच्या टेकडीवरच्या देवीच्या देवळात भला मोठा दिवा लागला. तो कुणी दानशूराने नुकताच बसवला होता. खांबावर दात्याचं नाव इतकं मोठं होतं, की ते वाचता यावं म्हणूनच दिवा लावत असावेत. नरतुरंग त्या झगझगाटात विरघळला. प्रमुखांनी लगेच तिघांची समिती नेमली. समितीत 'विनंती' लिहावं की 'मागणी', यावर चर्चा सुरू झाली.

मी माझ्या दुर्बिणीपाशी एकटाच उभा राहिलो. ही कुठे दिसेना. गुच्छ टेकडीकडे कलायला लागणार होता, आणि परत असं आभाळ मिळेपर्यंत पाऊस येणार होता. आयुष्यात पहिल्यांदा, आणि आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून, मी पुटपुटलो, "आई, आता माझ्या हातात काही नाही. तुला जमेल तसं बघ."

काही वेळाने दिवा गेला.

मी यावर वाद घालत नाही. घडलं ते सांगतो. अंधारात दुर्बीण दक्षिणेला वळवली, डोळा लावला, आणि काळ्या घोंगडीवर रवा सांडावा आणि त्याचा कण न् कण सुटा दिसावा, तसे तारे दिसले. हजारो. एकही पोहा नव्हता. नंतर बराच वेळ सगळं धूसर झालं, तो दोष आरशाचा नव्हता. धापा टाकत ही कुठूनशी आली, वाकून बघितलं, आणि म्हणाली, "बारीक दळलंय की!"

सकाळी नारळ घेऊन मी एकटाच टेकडी चढलो. देवळात म्हाताऱ्या गुरवीणबाई झाडत होत्या. काल दिवा कसा गेला, म्हणून विचारलं.

"गेला कशानं? मीच घालवला. तुमच्या मंडळी आल्या हुत्या की! म्हनल्या, आमच्या ह्यांनी दोन वर्सं अनवानी परदक्षिना घातल्यात, आज दर्शन व्हायाचं हाय, पन दिवा आड येतोय."

"आणि तुम्ही लगेच बंद केलात?"

"मग! देवीला काय अंधारात दिसत न्हाय व्हय?" झाडू थांबवून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दादा, परदक्षिना कुटल्या देवाला हुत्या?"

मी नारळ फोडण्यात गुंतलो.

"झालं न्हवं दर्शन?"

"झालं," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

"मग नवस तेवढा फेडा. तुमच्या नावानं बोलून गेल्यात त्या."

नवस काय आहे, ते त्यांनी सांगितलं. मी याहून मोठ्या आरशासाठी काच आधीच आणून पलंगाखाली ठेवली होती, आणि गुडघ्यांमुळे ही कधीच तिथे वाकत नाही असा माझा समज होता.

उतरताना मनात राग नव्हता. मी हात टेकले ते देवीपुढे, असं मला वाटलं होतं. पण त्याच वेळी, गुडघे दुखत असताना, अंधारात कुणीतरी माझ्यासाठी ती टेकडी चढत होतं. कृपा कोणत्या वाटेने येते हे आपल्याला दिसत नाही. आपण दुसरीकडे बघत असतो. त्या दोघींचा मी ऋणी आहे. कुणाचा किती, हे ठरवायच्या भानगडीत पडत नाही.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी नवस फेडला: पिंपातली वाळू उपसली. त्या पिंपात आता पाणी असतं. पुढचं येईपर्यंत पुरतं.