दोन टोपल्यांचं माप

त्या साली आमच्या बोडीतले रोहू वितीएवढेही वाढले नव्हते. नागभीडकडच्या आमच्या गावात आम्ही ढिवर. गावामागचं ते लहान तळं, म्हणजे बोडी, आमच्याकडे होतं. मासे देऊन घरोघरचं धान आणायचं आणि त्यावर वर्ष काढायचं. नवरा म्हणाला, "औंदा मासा नाई भेटला तं मले चांद्याच्या खाणीत जा लागते." त्याचा थोरला भाऊ त्याच खाणीत दबून मेला होता.

बोडीत शेण टाकायची माझ्या सासरची रीत होती. शेणानं पाणी हिरवट होतं, त्या हिरव्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे पोसतात आणि किड्यांवर मासे. माप ठरलेलं, आठवड्याला दोन टोपल्या.

"जास्त काऊन नाई?" मी विचारलं.

"माहा बाप दोनच टाके."

हे काय उत्तर झालं? मला चीडच आली. शेजारच्या शेतकऱ्याचा गोठा मी झाडायची, शेण हाताशीच होतं. नवरा बाजाराला गेला की मी टोपल्यांवर टोपल्या ओतत गेले. पाणी हिरवंगार झालं आणि मी मूर्ख मनातल्या मनात खूश.

वैशाखात दोन दिवस आभाळ भरून राहिलं, झाडाचं पान हलेना. तिसऱ्या दिवशी उजाडताना नवऱ्याची हाक आली. सगळे मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते. आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरून टोपल्यांनी, हातांनी पाणी उडवत राहिलो, वेड्यासारखे. दुपारी बोडीवर नुसती पांढरी पोटं तरंगत होती. वर येऊन श्वास घेणारी मरळ तेवढी वाचली. कुजणारं शेण पाण्यातली हवा संपवतं, हे फार पुढे मी नातीच्या पुस्तकात वाचलं.

"आभायानं मारलं," नवरा म्हणाला.

जमले तेवढे मासे वाळत घातले. बाकीचे फुगले. शेतकरी गाडा घेऊन आला. "बाई, गावात वास सुटन. माह्या बांधीत गाडतो." ते मासे आम्हीच त्याच्या गाड्यात भरले.

आठ दिवसांत नवरा खाणीत गेला. मी हमसून रडत होते. "रडू नोको, तुयी काय चूक?" म्हणाला. तेव्हाही मी शेणाचं सांगितलं नाही.

त्या बांधीत, म्हणजे त्याच्या धानाच्या शेतात, त्या साली धान छातीला लागलं. बोडीचं सगळं सत्त्व तिथे उतरलं होतं. कार्तिकात मीच ते कापलं आणि मजुरीत तेच धान घरी आणलं. नवरा रजेवर आला तेव्हा त्याचाच भात वाढला. दोनदा मागून घेतला त्यानं. "औंदाचा भात गोड लागून राह्यला."

मग मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

त्यानं ताटातला भात संपवला, हात धुतला. "मले तवाच काऊन नाई सांगतलं?" एवढंच बोलला. रजेचे चार दिवस उरले होते. तो त्याच दुपारच्या गाडीनं खाणीत परत गेला.