खुंटीवरचा फोन

आमच्या तंत्रनिकेतनाच्या व्हरांड्यात एक तक्ता टांगलेला आहे. ‘मोबाइल अ‍ॅप डेव्हलपर कसे व्हाल?’ दहावी, मग बाण, डिप्लोमा, मग बाण, इंटर्नशिप, आणि शेवटी टाय लावलेला हसरा माणूस. मी गडचिरोलीच्या या कॉलेजात सव्वीस वर्षं कॉम्प्युटर लॅबचा सहायक आहे. त्या बाणांवरून सरळ चालत गेलेला एकही विद्यार्थी मी पाहिलेला नाही. टाय तर आमच्या प्राचार्यांकडेही एकच आहे. हल्ली आईबाप येतात आणि विचारतात, गुलाबभाऊ, ती नूतन निमगडे कोणत्या रस्त्यानं गेली? आज ती सावली या तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीसाठी दवाखान्यांची अ‍ॅप बनवते, म्हणून विचारतात. मी त्यांना तक्त्यापुढे उभं करत नाही. खुंटीची गोष्ट सांगतो.

नूतनचं गाव सावलीपासून आत, जंगलाला लागून. वडील खुशाल निमगडे राइस मिलमध्ये कामाला, आई केसरबाई धानाच्या हंगामात रोवणीला आणि उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला. घरात फोन एकच. गावात रेंज अशी नव्हतीच. प्रत्येक घरात एखादी जागा असे, तिथे ती यायची. निमगड्यांच्या घरी ती ओसरीच्या उत्तरेकडच्या खांबाला, डोक्याच्या थोडी वर. तिथे खुंटी ठोकलेली, खुंटीला कापडी थैली, थैलीत फोन. तो तिथून काढला की आवाज तुटे. त्यामुळे फोन आला की थैलीतच स्पीकर लावायचा आणि खांबाखाली उभं राहून बोलायचं. नूतनचा बारावीचा निकाल असा सगळ्या गल्लीनं एकदम ऐकला. तिच्यासाठी नागभीडहून आलेलं पहिलं स्थळ आणि केसरबाईंनी दिलेला नकारही गल्लीनं ऐकला. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. घरी कोणी असो वा नसो, फोन खुंटीलाच. शेतावर, मिलवर, जंगलात तो कोणी नेत नसे. तिथे नेऊन करणार काय?

प्रोग्रामिंग ती त्याच खांबाखाली उभी राहून शिकली. दुपारी घर रिकामं असलं की व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, वहीत उतरवून घ्यायचा. दोनशे पानी वही, त्यात निळ्या पेनानं कोड आणि लाल पेनानं कंस. दुसऱ्या दिवशी वैनगंगेचा पूल ओलांडून बसनं कॉलेजात आली की माझ्या लॅबमध्ये ते टाइप करून बघायचं. बाकीची पोरं शेवटच्या वर्षाचा प्रकल्प नागपूरच्या एका दुकानातून तयार आणत. सगळ्यांचा प्रकल्प म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकांची नोंदच असे, फक्त मुखपृष्ठावरचं नाव बदललेलं. हिनं स्वतः बनवलं. एसटीच्या वेळा सांगणारं साधं अ‍ॅप, पण चालायचं. मी मशिनी पुसणारा माणूस, मला त्यातलं फार कळत नाही. तरी ती वही पाहून मला आनंद झाला होता. लॅबमध्ये इतक्या वर्षांत असा आनंद दोनदा-तीनदाच झाला.

डिप्लोमानंतर दीड वर्ष ती सावलीला सेवा केंद्रात दाखले काढून देत होती. मग नागपूरच्या एका छोट्या कंपनीत लागली. तिथे दोन वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या अ‍ॅपमधल्या चुका शोधायचं काम केलं. मग तिथल्या मिथुन सरांनी तिला पहिल्यांदा स्वतःचं काम दिलं. आमच्याकडच्या सहा गावांसाठी वाघाची सूचना देणारं अ‍ॅप. मोहाच्या हंगामात बाया पहाटे जंगलात जातात आणि वाघाच्या वाटेत सापडतात. वनरक्षकानं वाघाच्या खुणा कुठे दिसल्या ते नोंदवायचं, बायांचे फोन त्या जागेजवळ गेले की फोन वाजणार, आणि कार्यालयातल्या नकाशावर प्रत्येक बाई निळ्या ठिपक्यानं दिसणार. गावंही माझ्याच भागातली, असं तिनं मला फोन करून सांगितलं. काम नीट झालं तर ती कायमची डेव्हलपर, नाहीतर परत सावलीला दाखले. हे तिला स्पष्ट सांगितलेलं होतं.

हंगाम सुरू झाला. नकाशावर ठिपके उमटले आणि तिथेच बसून राहिले. आठ दिवस झाले, सहाही गावांतून एकही ठिपका जंगलात गेला नाही. मिथुन सरांना वाटलं, जागा पकडण्यात चूक आहे. नूतननं तीन दिवस सगळा कोड उलटापालटा केला. चूक सापडेना. शेवटी तिनं नकाशा मोठा केला, स्वतःच्या गावावर आणला, स्वतःच्या घरावर आणला. ठिपका ओसरीच्या उत्तरेकडे होता.

तिनं मला फोन केला तेव्हा ती आधी हसली आणि मग रडली. लहानपणापासून ज्या खुंटीखाली उभी राहिली, जिथे कोड शिकली, तीच विसरून तिनं फोन बाईच्या कमरेला असतो असं धरून अ‍ॅप बनवलं होतं. नागपुरात फोन खिशात असतो. दोन वर्षांत तिच्या डोक्यातला फोनसुद्धा खिशात जाऊन बसला होता. पुण्यामुंबईच्या माणसानं ही चूक केली असती तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. हिला काय बोलणार?

मग मी जे केलं ते सांगायला मला बरं वाटत नाही. मी तिला म्हटलं, रेंजचा प्रॉब्लेम आहे म्हणून सांग. आमच्याकडची रेंज म्हटल्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. तुझी नोकरी वाचेल. वनखात्यापुढे काम दाखवायच्या बैठकीला आठवडा होता. ती रजा टाकून गावाला गेली.

केसरबाईंना तिनं आधी विचारलं की फोन सोबत का नेत नाहीस. केसरबाईंनी तिला वेड्यात काढलं. मोह वेचताना दिवसभर वाकायचं, फोन पडला तर कोण शोधणार, आणि घरी फोन आला तर कोण उचलणार? वाघाचं विचारलं तेव्हा त्या सरळच बोलल्या. “मले जंगलातलं सांगणारा अजून जलमला नाई. वनरक्षक सांगते, तुया बाप सांगते, आता तू सांगून राह्यली. मी कोणाचं आयकत नाई.”

हे केसरबाई गावातल्या सगळ्या बायांच्या वतीनं बोलल्या असं समजायला हरकत नाही.

नूतन दोन पहाटे ओसरीत बसून नुसतं बघत राहिली. बाया निघताना काय करतात? टोपली उचलतात, पदर खोचतात, आणि खांबाजवळून बाहेर पडतात. प्रत्येक घरात तसंच. फोन जंगलात जात नाही, पण जंगलात जाणारी प्रत्येक बाई फोनजवळून जाते. मग तिनं ठिपके काढून टाकले. नवीन अ‍ॅपमध्ये वनरक्षकानं संध्याकाळी वाघाच्या खुणा दिसलेली फक्त एक बाजू निवडायची, आणि पहाटे बाया निघायच्या वेळी सगळ्या खुंट्यांवरचे फोन बोलणार. आवाज तिनं आईचा घेतला. केसरबाईंना खांबाखाली उभं करून प्रत्येक बाजूचा एकेक निरोप म्हणवून घेतला. त्यातला एक, “आज नाल्याकडं जाऊ नोका, बायाहो. टेकडीकडंच राहा. एकटं कोणी जाऊ नोका.” केसरबाई चार वेळा हसल्या, पाचव्या वेळी नीट झालं. कुणाच्या घरी काय वाजणार आहे याकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. पोरीचं काम आहे म्हणून बोलल्या.

नागपूरच्या बैठकीत मिथुन सर होते आणि एक वनाधिकारी. नूतननं नकाशा लावला. त्यावर एकही ठिपका नव्हता. अधिकाऱ्यांनी विचारलं, बाया कुठे आहेत? तिनं सांगितलं, “बाया जंगलात आहेत, सर. फोन घरी आहे. तो घरीच राहतो. मला माहीत होतं, मी विसरले. चूक माझी.” मग तिनं आवाज लावून दाखवला. अधिकारी भला माणूस असावा. त्यांनी दोनदा ऐकला आणि म्हणाले, हंगाम संपेपर्यंत चालू ठेवा. पण काम नकाशाचं ठरलं होतं आणि नकाशा आता रिकामा होता, त्यामुळे कंपनीचं पुढचं काम तिथेच संपलं. मिथुन सरांनी तिला बाहेर बोलावून शांतपणे सांगितलं, “तुझं बरोबर आहे. पण आपण ठिपके विकत होतो.” महिनाअखेर तिची नोकरी गेली.

मला तिचा राग आला होता, हेही सांगून टाकतो. रेंजचं म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? इतक्या वर्षांत एक पोरगी वहीतून वर आली आणि खरं बोलून परत सावलीला. मी दोन आठवडे तिला फोन केला नाही.

ती गावाला आली. वनरक्षक भरतीचा अर्ज आणला. कोणी विचारलं तर सॉफ्टवेअरचं आपल्याला जमलं नाही, एवढंच सांगायची. पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

एप्रिलातली पहाट. ती ओसरीत बाजेवर पडलेली होती, जागी. केसरबाईंनी टोपली उचलली, पदर खोचला. नेमका तेव्हा खुंटीवरचा फोन बोलला. आज नाल्याकडं जाऊ नोका, बायाहो. शेजारच्या घरातून तोच आवाज आला, समोरच्या घरातून आला, थोड्या मागेपुढे साऱ्या गल्लीतून आला. केसरबाईंची झाडं नाल्याकडे होती, लग्न होऊन आल्यापासून तीच. त्या थांबल्या. थैलीकडे बघितलं. गल्लीत इतर बायाही दारात येऊन थांबल्या होत्या आणि सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

“आता काय करतं,” केसरबाई म्हणाल्या. “मीच सांगून राह्यली. मीच गेली तं कोण आयकन?”

त्यांनी टोपली कमरेवर घेतली आणि टेकडीची वाट धरली. बाकीच्या मागून गेल्या. त्या दिवशी नाल्याकडे वाघ होता की नव्हता, कोणालाच माहीत नाही. तिकडे कोणी गेलंच नाही.

नूतन उठून बसली. भरतीचा अर्ज थैलीमागे खोचून ठेवलेला होता, तो तिनं तसाच राहू दिला. उजाडल्यावर लॅपटॉप घेऊन खांबाखाली बसली आणि पुण्याच्या कंपनीला अर्ज लिहायला घेतला. तुम्ही आजवर काय बनवलंत, या रकान्यात तिनं पहिलं वाक्य लिहिलं: मी एक अ‍ॅप चुकीचं बनवलं होतं, ते कसं कळलं ते सांगते.

मुलाखतीत त्यांनी तिला तेवढंच विचारलं. मुलाखतही फोन थैलीतच ठेवून, स्पीकर लावून झाली. गल्लीनं ऐकली.