पिशवीतले कोरडे मोजे

सैरागुल माझ्या पहिल्यांदा लक्षात आली ती शाळेच्या फाटकाशी. सप्टेंबरचा पहिला दिवस होता. माझ्या वर्गातली पहिलीची मुलं डेलियाची फुलं घेऊन रांगेत उभी होती. केसांत मोठी पांढरी फीत बांधलेल्या बुरमाला मी विचारलं, "तुझ्याबरोबर कोण आलंय गं?"

"आई." तिनं साठीच्या काल्बुबूकडे बोट दाखवलं. मग पॉप्लरच्या झाडाआड उभ्या असलेल्या तरुण बाईकडे बघून म्हणाली, "आणि ती आमची वहिनी."

त्या वहिनीनंच, सैरागुलनं, तिला जन्म दिला होता; काल्बुबू तिची आजी. आम्हा किर्गिझ लोकांत पहिलं मूल सासू-सासऱ्यांनी मागून घ्यायची रीत आहे. मग ते मूल आजीला आई म्हणतं, बापाला दादा आणि जन्मदात्रीला वहिनी. यात लपवाछपवी नसते, मुलालाही सगळं ठाऊक असतं. अंगण एक, चूल एक. बहुतेकांचं त्यात चांगलंच निभावतं.

पुढे सैरागुल माझी शेजारीण झाली. एकदा दूध काढता काढता म्हणाली, "बाई, सासूबाईंनी पोर मागितली तेव्हा गल्लीतल्या बायका माझी समजूत घालायला आल्या. रडू नकोस म्हणे. मला कुठलं रडू! मला झोप हवी होती. मी पोर दिली आणि दुपारपर्यंत झोपले." हे सांगताना तिनं गाईच्या पोटाला कपाळ टेकवलं होतं, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही.

बुरमा तेरा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात सगळं घर वरच्या तळ्यावर निघालं. मलाही ओढून नेलं. काल्बुबूचे गुडघे धरले होते, म्हणून ती घरीच राहिली. सैरागुलला आनंद मावत नव्हता. अख्खा दिवस लेक तिच्या हाती! उजाडल्यापासून ती बोरसोकच्या छोट्या पुऱ्या तळत बसली होती, पीठ तिच्या भुवयांपर्यंत लागलं होतं.

वरची वाट नुसती धोंड्यांची, तिथं घोडा चालत नाही. तिचा नवरा तुर्दुबेक सारखा कुरकुरत होता. "घोड्याशिवाय किर्गिझ माणूस! माझा आजा बघत असेल तर लाजेनं मरेल."

"तो आधीच मेलाय, दादा," बुरमा म्हणाली. हसता हसता सैरागुलला दगडावर बसावं लागलं.

तळ्याच्या अलीकडे बर्फाचा ओढा लागला. सैरागुलनं बूट-मोजे काढून हातात घेतले आणि अनवाणी पलीकडे गेली. बाकीचे घाईनं तसेच शिरले आणि गुडघ्यापर्यंत भिजले. तळ्यावर पोचलो तर वारा नुसता कापत होता. सैरागुलनं पिशवी उघडली. नवऱ्याचे कोरडे मोजे काढले. धाकट्या मुलाचे, एमिलचे काढले. तिचा हात पुन्हा पिशवीत गेला आणि तिथंच राहिला.

बुरमाचं सामान तिनं कधी भरलंच नव्हतं, ते काल्बुबू भरायची. काल्बुबूला वाटलं, आज सून बघेल. दोन आयांच्या मध्ये पोरीचे पाय ओलेच राहिले.

सैरागुलनं स्वतःच्या पायातले मोजे ओढून काढले आणि पुढे केले.

"राहू द्या वहिनी. घरी गेल्यावर आई देईल."

पोर अगदी सरळपणे बोलली. टोमणा असता तर बरं झालं असतं. सैरागुलनं ते मोजे परत पायात घातले नाहीत. आम्ही तळ्याच्या निळ्या पाण्याचं कौतुक करत होतो. ती तळ्याकडे पाठ करून बसली होती. उतरताना बुटांत तिच्या टाचा सोलवटल्या.

घरी काल्बुबू कडाडली, "एक जोडी टाकायचं सुचू नये? पोटची पोर आहे ती तुझी!"

त्या घरात हे वाक्य मी प्रथमच ऐकलं.

"चुकलं, आई," सैरागुल म्हणाली.

"दोघी गप्प बसा बघू," बुरमा चहा फुंकत म्हणाली. "पाय कधीच वाळले माझे."

पुढे काल्बुबू गेली. बुरमा लग्न होऊन बिश्केकला एका शिवणकामाच्या कारखान्यात लागली. यंदा तिला मुलगी झाली. सासरी मूल मागायला कोणी मोठं माणूस उरलं नव्हतं, म्हणून बाळाला घेऊन ती आपणहून आली. "वहिनी, हिला तुम्हीच ठेवून घ्या. मला कामावर जायचंय. आणि झोप म्हणून नाही."

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, घे की, घर भरेल. सैरागुलनं बाळाला उचललं, बराच वेळ हुंगत राहिली. मग परत बुरमाच्या मांडीवर ठेवलं.

"ही तुझ्याजवळच वाढेल. झोपेचं मी बघते."

"आणि गाईचं कोण बघणार?" तुर्दुबेकनं विचारलं.

"बाई आहेत ना!" मला न विचारताच तिनं सांगून टाकलं.

या हिवाळ्यात सैरागुल बिश्केकला आहे. रात्री बाळ तिच्याजवळ असतं आणि बुरमा झोपते. बुरमा तिला अजून वहिनीच म्हणते. गाय माझ्या गोठ्यात आहे.